‘फळ’ हा शब्द नसलेली भाषा

तात्यांनी तयार केलेल्या भाषेत आंब्याला शब्द नव्हता. त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं, यांना आंबा आवडत नसेल. खरं तर उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत तात्या एका बैठकीला चार आंबे खायचे आणि कोय इतकी स्वच्छ करायचे की तिच्यावर माशीसुद्धा बसत नसे. मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, “आंबा आला की बाकीच्यांकडं कुणी बघत न्हाय. म्हणून त्या लोकांच्यात मी आंबा ठिवलाच न्हाय.”

ते लोक म्हणजे इलोमी. त्यांची भाषाही इलोमी. हे लोक जगाच्या पाठीवर कुठंही नाहीत. ते तात्यांनी केले होते, त्यांची भाषा, त्यांचे सण, त्यांच्या शिव्या, सगळं तात्यांचं. आणि तात्या होते कळंबजवळच्या एका रोपवाटिकेत डाळिंबाच्या गुट्या बांधणारे, पेरूचे डोळे भरणारे, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून किंवा कलम करून रोपं तयार करणारे कामगार. सातवीपर्यंत शिकलेले.

मी तिथं लागले तेव्हा कृषी पदवी घेऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. बारामतीहून रोज सकाळी एसटीनं जायचं, रोपांच्या नोंदी ठेवायच्या, रोग-कीड बघायची आणि रोपं बाहेर जाताना ती निरोगी असल्याच्या दाखल्यावर सही करायची, असं माझं काम. रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक काम सांगितलं, “ताई, आजपासून रोपांच्या चिठ्ठ्या तुम्ही लिहायच्या. तात्यांच्या हातात पेन द्यायचा नाही.”

कारण असं झालं होतं की पणदऱ्याच्या एका शेतकऱ्यानं पेरूची रोपं नेली, आणि प्रत्येक रोपाला चिठ्ठी होती ‘तिलमे’. त्यानं तक्रार केली असती तर एक वेळ बरं झालं असतं. त्यानं फोन करून सांगितलं, “ती तिलमे जात लई जोमात हाय, शेजाऱ्यालाबी दोनशे रोपं पायजेत.” आता तिलमे नावाची जात आणायची कुठून?

मी घाबरतच तात्यांकडं पेन मागितला. साठी ओलांडलेला उंच माणूस, पांढऱ्या भरघोस मिशा, गळ्यात दोरीला अडकवलेला कलमाचा चाकू, कानावर बॉलपेन. त्यांनी पेन काढून माझ्या हातावर ठेवला. “लिव,” म्हणाले. “पर ती जात न्हाय, ते पेरूचं वय हाय, कवा तोडायचा ते. वासरू आन् बैल तुमी एकाच नावानं हाकता का?”

इलोमीत पेरूला चार नावं होती. तिलू म्हणजे हिरवा, दगडासारखा. तिलवा म्हणजे पोपटानं बघून ठेवलाय पण अजून चोच मारली नाही असा. तिलमे म्हणजे ज्याचा वास आपल्याआधी बांधावर येतो तो. आणि तिलोस म्हणजे मऊ झालेला, दात नसलेल्यांसाठी राखून ठेवायचा. सीताफळाला गोमूर. ते खाण्याचं क्रियापद वेगळं, कारण सीताफळात खाण्यापेक्षा थुंकणंच जास्त. त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ, म्हाताऱ्या माणसाचं लांबलेलं बोलणं न कंटाळता ऐकणं. केळीला नाव नव्हतं. ती एकदाच घड देते आणि जाते, म्हणून तिचं नाव घेणं इलोमी लोकांत बरं समजत नसत. केळ हवं असेल तर हनुवटीनं दाखवायचं. तात्या खरोखर हनुवटीनं दाखवायचे. ‘फळ’ असा एकच शब्द मात्र त्या भाषेत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, “फळ काय असतंय? कुणी कदी फळ खाल्लंय का? पेरू खातोय, बोर खातोय. फळ कोण खातंय?”

 

हा माणूस भ्रमिष्ट असेल असं मला पहिले पंधरा दिवस वाटत होतं. एकदा न राहवून विचारलं, “तात्या, हे लोक राहतात कुठं?”

“राहत न्हाईत. मी केल्यात.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे ते नाहीत म्हणून?”

“मी काय येडा हाय का?” ते गुटीची दोरी आवळत म्हणाले. “न्हाईत, म्हणून तर नीट करावं लागतंय. जे हायेत त्यांचं बरंवाईट त्यांचं ते बघून घेतील. न्हाईत त्यांचं कोण बघणार?”

त्या दिवसापासून मी त्यांना वेडं समजणं सोडून दिलं, आणि शब्द शिकायला लागले. शिकवण्याची त्यांची पद्धत एकच. अर्थ सांगायचे नाहीत. वस्तू हातात द्यायची आणि म्हणायचं, “बग.” मग त्या वस्तूकडं बघत बसायचं. पाच मिनिटांनी विचारायचे, “काय दिसलं?” मी म्हणे, “छान आहे.” त्यावर हमखास चिडायचे. ‘छान’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. “छान म्हंजी बगितलंच न्हाय,” असं म्हणून ती वस्तू परत हातात द्यायचे.

शब्द चुकला तर शिक्षा म्हणजे रोपांच्या एका ओळीला झारीनं पाणी. गुट्या बांधणाऱ्या सुमनताई सगळ्यांत जास्त पाणी घालायच्या, कारण त्या मुद्दाम चुकवायच्या. तिलमेला तिलबे म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. तात्यांना ते कळायचं, तरी दर वेळी तितक्याच गंभीरपणे झारी दाखवायचे. पण एकदा सुमनताईंनी नातवाच्या जिभेचा जांभळा रंग बघून आपण होऊन ‘ओरुंबा’ म्हटलं. चोरून जांभळं खाल्ल्यावर जीभ जी साक्ष देते तिला इलोमीत ओरुंबा म्हणतात.  तात्या उठले आणि स्वतः झारी घेऊन एक ओळ पाणी घालून आले. सुमनताई आठवडाभर तोऱ्यात होत्या.

एकदा बारामतीचा एक तरुण कॅमेरा घेऊन आला. त्याच्या मोबाइलवरच्या चॅनलसाठी त्याला तात्यांचा व्हिडिओ हवा होता. तो म्हणाला, “आबा, तुमच्या भाषेत जरा हॅलो म्हणा.” तात्या म्हणाले, “हॅलोला शब्द न्हाय. ते लोक कुणाकडं जाताना हातात काय तरी घेऊन जात्यात. मग बोलायचं कशाला? तू काय आनलंय?” तरुणानं पिशवीत हात घातला, पाण्याची बाटली निघाली. तात्यांनी ती बघितली आणि कामाला लागले. व्हिडिओ झाला नाही.

या सगळ्याचं मूळ मला फार उशिरा कळलं. तात्या मूळचे मोरगावच्या बाजूचे. कोरडवाहू रान, ज्वारी-बाजरी, शेरडं. फळ म्हणून बोर आणि चिंच. शाळेच्या भिंतीवर फळांचा एक रंगीत तक्ता टांगलेला होता, पण त्याची खालची बाजू, जिथं नावं छापलेली होती, ती वाळवीनं खाल्लेली. गुरुजींना विचारलं तर अर्धी फळं गुरुजींनाही ओळखू येईनात. “मग मीच नावं ठिवली,” तात्या म्हणाले. “कुणी तरी ठिवायलाच पायजे व्हती. इतकी चांगली रंगवली व्हती.” पुढं त्या फळांपैकी एकेक त्यांनी खाल्लं, लावलं, त्याचं कलम केलं. खरी नावंही कळली. पण तोवर स्वतःच्या नावांची सवय झाली होती, आणि ती नावं बोलणारे कुणी तरी असावेत म्हणून मागाहून माणसं केली. बोराला इलोमीत अकरा शब्द आहेत. ते का, हे मला तक्त्याची गोष्ट ऐकल्यावर विचारावं लागलं नाही.

त्यांचा शब्दकोश सात वह्यांत होता. क्रम अआइईचा नाही, फळ पिकण्याचा. संक्रांतीच्या बोरापासून सुरू होऊन दिवाळीच्या सीताफळावर संपायचा. तो बघायला मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. मी विचारलं, “काकू, तुम्हाला किती येते इलोमी?”

“एक शबूद येत न्हाय,” काकू ठसक्यात म्हणाल्या. “येकच भाषा हाय तरी यांचं बोलणं सपत न्हाय. दुसरी शिकून घेतली आसती तर मी कवाच म्हायेरी गेले आसते.”

तात्या मिशीत हसत होते. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपली भाषा शिकावी असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. आज ते काम सोडून घरीच असतात, आणि काकू मला फोनवर सांगतात की आता दिवसभर समोर बसून बोलतात, त्यामुळे नाइलाजानं दोन-चार शब्द कळायला लागलेत, पण हे त्यांना सांगू नकोस.

त्या वह्या मी दुपारभर वाचल्या, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लोक कल्पनेतले होते, त्यांचं गाव, त्यांचं तळं, त्यांची लग्नं कल्पनेतली होती. पण फळाबद्दलचा, पानाबद्दलचा एकही शब्द कल्पनेतला नव्हता. प्रत्येक शब्दाखाली तो कधी आणि कुठं दिसला ते लिहिलेलं होतं. ‘नीरा नदीच्या काठी, भर दुपारी, लिंबाच्या पाठीमागं.’ न बघितलेल्या गोष्टीला तात्यांनी शब्द दिलाच नव्हता.

मी तिथं लागल्यावर तिसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. इंदापूरच्या एक शिक्षिका आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघं मिळून पहिल्यांदाच डाळिंबाची बाग लावणार होते. वडिलांच्या मागं राहिलेली जमीन होती. पाचशे रोपं त्यांनी सांगून ठेवली होती. रोपं पिशव्यांत तयार होती, चांगली तरारलेली. ज्या झाडांवर त्या गुट्या बांधल्या होत्या ती आमची मातृझाडं, साठ, रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला उभी होती. तात्यांनीच लावलेली. शनिवारी टेम्पो येणार होता. गुरुवारी सकाळी मी पोहोचले तेव्हा तात्या माझी वाट बघत फाटकाशी उभे होते. असं ते कधी उभे राहत नसत.

“तीन झाडांना उम्बे आलाय,” म्हणाले.

शब्द मला माहीत होता. वहीत वाचला होता. उम्बे म्हणजे पानातली अशी जागा की जिथं उजेड अडखळतो. पानाकडं नुसतं बघून दिसत नाही, पान कोवळ्या उन्हाकडं धरून सावकाश फिरवलं तर जाणवतं. त्याखाली लिहिलं होतं, ‘अकलूजच्या अलीकडची बाग. पुढच्या वर्षी बाग ऱ्हायली नव्हती.’

मी पानं घेतली. भिंगातून बघितली, उलटी, सुलटी. हिरवीगार, निरोगी पानं. उन्हाकडं धरली. एकदा वाटलं काही आहे, एकदा वाटलं काही नाही.

“तात्या, म्हणजे तेल्या का?” मी हळू आवाजात विचारलं. डाळिंबाचा हा रोग. आधी पानावर तेलकट डाग, मग फळाला तडे, आणि मग बागच जाते. डाळिंबाच्या रानात हे नाव कुणी मोठ्यानं घेत नाही.

“तेल्या म्हनलं तर वहिनी म्हनतील डाग दाखवा. डाग न्हाय अजून. हे डागाच्या आदीचं हाय. मराठीत डागाच्या आदीला शबूद हाय का? आसला तर सांग, मी त्यो वापरतो.”

आम्ही वहिनींकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, “ताई, तुमचं शिक्षण काय सांगतं?”

“माझ्या भिंगाला काही दिसत नाही.”

“मग शनिवारी सही करणार ना?”

पानं प्रयोगशाळेत पाठवता येत होती, पण अहवाल यायला आठवडा लागणार होता. रोपवाटिकेच्या नावावर एकदा ‘तेल्या’ चिकटला की पंचक्रोशीत कुणी फिरकणार नाही, हे वहिनींना दिसत होतं आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं. माझ्या बाजूनं माझ्याकडं काय होतं? अस्तित्वात नसलेल्या लोकांच्या भाषेतला एक शब्द. पण मी त्या सात वह्या वाचल्या होत्या.

“नाही करणार,” मी म्हणाले. “अहवाल येईपर्यंत एकही रोप बाहेर जायला नको.”

वहिनींनी तात्यांकडं बघितलं. “तात्या, तुमचा उम्बे खोटा निघाला तर?”

“तर माझा हिशोब करा आन् घरी पाठवा. पोरीला बोल लावू नका.”

शिक्षिकाबाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, तरी शनिवारी दोघं बहीणभाऊ टेम्पो घेऊन आलेच. भाऊ तापलेला होता. “खड्डे काढून, शेणखत भरून बसलोय मॅडम! माणसं सांगून ठेवलीत. रोपात काय वाईट आहे ते दाखवा तरी.”

मी दाखवायचं काय? तात्या पुढं झाले, एक पान उन्हाकडं धरलं आणि त्याच्या हातात दिलं. “बगा. हितं उजेड अडखळतोय. याला उम्बे म्हनत्यात.”

“कुठल्या भाषेत?”

“इलोमी.”

“ही कुणाची भाषा?”

“माझीच हाय,” तात्या म्हणाले. एवढं खरं बोलायची त्या वेळी काही गरज नव्हती.

भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, आणि तुम्ही यांच्या भरवशावर आम्हाला थांबवताय?”  मी “हो” एवढंच म्हणाले.

 शिक्षिकाबाईंनी भावाच्या हातातलं पान घेतलं, उन्हाकडं धरलं, बराच वेळ फिरवून बघितलं. “मला काही दिसत नाहीये,” त्या तात्यांना म्हणाल्या. “तुम्ही मला एकच सांगा. तुमच्या रानात लावली असती का ही रोपं?”

“फुकाट दिली तरी न्हाय.”

“मग चला,” त्या भावाला म्हणाल्या. टेम्पो रिकामा परत गेला.

पुढचे चार दिवस वहिनी ऑफिसातून बाहेर आल्या नाहीत. तात्यांनी दर सकाळी त्या तीन झाडांशी उभं राहायचं, पानं बघायची आणि कामाला लागायचं, एवढंच केलं. मंगळवारी रात्रभर भुरभुर होती. बुधवारी सकाळी ढग हटले आणि सुमनताईंनी मला मागच्या अंगाला ओढत नेलं. तीन झाडांच्या पानांवर काळपट, तेलकट ठिपके उमटले होते, भोवती पिवळी कडा. आता भिंग लागत नव्हतं. दुपारपर्यंत तसेच ठिपके आणखी आठ झाडांवर मोजले. प्रयोगशाळेचा अहवाल शुक्रवारी आला, तोही तेच म्हणत होता.

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मी बरोबर ठरले होते. मी जवळजवळ धावतच तात्यांना शोधायला गेले, तर ते शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी पाठ टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे लाल होते. “खोटा निघायला पायजे व्हता,” एवढंच म्हणाले. मी तशीच मागं फिरले.

वहिनींनी मोठं काम केलं. त्यांनी ती पाचशे रोपं आणि साठच्या साठ मातृझाडं काढून जाळायचं ठरवलं, आणि त्या आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून बागा तपासून घ्यायला सांगितलं. कुणाच्याच बागेत काही निघालं नाही. शिक्षिकाबाईंना फोन केला तेव्हा मी शेजारी होते.  त्या म्हणाल्या, “नवी झाडं तयार झाली की तुमच्याकडूनच घेईन. पण त्या आजोबांनी पास केलेली.” त्यांनी तशी ती घेतलीही. आज त्यांची बाग फळावर आहे.

जेसीबीनं झाडं उपटली. उघडीप होती, चार दिवसांत पानं वाळली. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जमलो. वहिनी, सुमनताई, इतर बायका, मी. काड्यापेटी तात्यांच्या हातात होती. त्यांनी काडी काढली, आणि परत आत ठेवली.

“थांबा जरा,” म्हणाले.

मातृझाडांवर धरलेली थोडीफार डाळिंबं आम्ही विकत नसू. जो येईल तो खायचा. तात्या ढिगासमोर उभे राहिले आणि एकेक नाव घ्यायला लागले. “सुमन. सुमनची ल्येक, धाकट्याच्या येळंस दिवस गेलेले तवा. पोस्टमन, दोनदा. विहिरीवर आलेला मोटारीचा मिस्त्री. खार, न इचारता.” आवाज चढवलेला नव्हता. हजेरी घेतल्यासारखी एका मागोमाग एक नावं येत होती. “वहिनींचं सासरं, शेवटच्या आजारात. दाणं काढून वाटीतनं दिलं व्हतं.” वहिनींनी चटकन वर बघितलं. हे त्यांना माहीत नसावं. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि दोन पावलं पुढं येऊन तात्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या.

“ही पोरगी,” माझ्याकडं बोट करून म्हणाले, “रोज.”

कुणी तरी हसलं. मग सुमनताई म्हणाल्या, “तात्या, वायरमन ऱ्हायला की.” दुसरी म्हणाली, “माझी सासू, बाजारच्या दिवशी.” मग थांबेचनात. जिला जे आठवेल ते नाव ती सांगत होती, तात्या ते मोठ्यानं परत म्हणत होते आणि ढिगाकडं बघत होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठं नावं संपली.

मी तात्यांच्या जवळ गेले. “तात्या, इलोमी लोक असं करतात का? झाड गेलं की?”

“आजपासनं,” तात्या म्हणाले, आणि काडी ओढली.